आक्काला वर कशाने आणायचं, याविषयी

तीर्थरूप मामांच्या पायांवर डोकं ठेवून धाकट्या भाच्याचा नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. छातीतली कळ आता कमी आहे आणि डॉक्टरांनी अंगणापर्यंत फिरायची परवानगी दिली आहे, हे वाचून सगळ्यांना बरं वाटलं. मामींचे गुडघे कसे आहेत? वर थंडी सुरू झाली असेल, तर त्यांना पहाटे पाण्यात हात घालू देऊ नका. इकडे आम्ही सर्व देवाच्या कृपेने खुशाल आहोत. दादाचं ब्लडप्रेशर त्याच्या म्हणण्यानुसार वाढलेलं आणि यंत्राच्या म्हणण्यानुसार ठीक आहे. माझं चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचं काम नेहमीसारखं चालू आहे. आई उत्तम आहे. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि आमच्या घरात एका वेळी एकानेच बोलायची पद्धत नाही, म्हणून हे पत्र.

(मामा, मोठ्यांना पाठवायचं पत्र आधी सगळ्या घरासमोर वाचून दाखवायचं, ही आमच्या वडिलांची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. हेही पत्र आज संध्याकाळी वाचलं जाईल. तेव्हा कंसातला मजकूर फक्त तुमच्यासाठी. कंस आला की मी खोकणार आहे.)

तुम्ही लिहिलं होतं, "थंडीने वरचा रस्ता बंद व्हायच्या आत आक्काला एकदा घेऊन या. मला खाली उतरायची मनाई आहे. तिला बघावंसं वाटतं." ते वाचल्या दिवसापासून आम्ही सगळे हातातली कामं बाजूला ठेवून त्याच विचारात आहोत. आणायचं की नाही हा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता तो कशाने. वडिलांनी दुसरीही एक पद्धत घालून दिली आहे: घरातल्या कुणी लांबचा प्रवास एकट्याने करायचा नाही, जायचं तर सगळ्यांनी एका वाहनातून जायचं, आणि ते वाहन सगळ्यांना पसंत असायला हवं. वडील असताना हे सोपं होतं, कारण सगळ्यांची पसंती तेच सांगायचे. ते गेल्यावर पसंती ज्याची त्याला परत मिळाली आणि तिथे घोडं अडलं.

पहिली बैठक तुमचं पत्र आलं त्याच आठवड्यात रविवारी झाली. दादा आरामखुर्चीत, त्याचा मुलगा (म्हणजे पुतण्या, हल्ली मान वर करून बोलत नाही, फोनमध्ये बघून बोलतो) दिवाणावर, जावईबापू आणि लेक मुद्दाम बोलावलेले, सौ. स्वयंपाकघराच्या दारात, म्हणजे दोन्हीकडचं ऐकू येईल अशी. आई नेहमीप्रमाणे खिडकीखाली मटार सोलत होती. तिने तेवढ्या वेळात आपली कापडी पिशवी भरून दाराशी ठेवून दिली होती. आम्ही सगळे तिच्या उत्साहाला मनमोकळे हसलो.

(ती पिशवी तेव्हापासून दाराशीच आहे. येता-जाता प्रत्येक जण तिला अडखळतो आणि "ही इथे कुणी ठेवली?" असं विचारतो. आता सवयीने सगळे तिथे पाय उचलून टाकायला शिकले आहेत. पण ती आत ठेव असं आईला म्हणायचं धाडस कुणाला झालं नाही, आणि चल निघू असं म्हणायचंही.)

दादाचं मत आगगाडीचं. त्याची सगळी नोकरी रेल्वेच्या मालधक्क्यावर गेली, त्यामुळे आगगाडीविषयी तो घरच्या माणसाविषयी बोलावं तसं बोलतो. स्वतः वाटेल ती नावं ठेवील, दुसऱ्याने ठेवलेली त्याला खपत नाहीत. आगगाडी डोंगराच्या पायथ्याशी संपते आणि मामा शेंड्यावर राहतात, ही अडचण मी नम्रपणे मांडली. तेव्हा यात दोष आगगाडीचा नसून डोंगराचा आहे, हे त्याने सर्वांना पटवून दिलं. दुसऱ्या दिवशी तो मला प्रत्यक्ष पाहणीसाठी स्टेशनवर घेऊन गेला. गाडी बऱ्याच उशिराने आली. दादा समाधानाने म्हणाला, "बघितलंस? जराही घाई नाही. म्हाताऱ्या माणसाला अशीच गाडी हवी." चौकशीच्या खिडकीवर कळलं की गाडी पायथ्याला पोचायच्या थोडं आधी वर जाणारी शेवटची छोटी बस निघून जाते, आणि हे आजचं नाही, पहिल्यापासून असंच आहे. म्हणजे पायथ्याशी मुक्काम. दादाने त्याचीही चौकशी करून ठेवली होती. प्रतीक्षालय प्रशस्त आहे, बाकांना पाठ आहे, आईला तिथे बसायला काही त्रास होणार नाही.

(आईला प्रतीक्षालयाचा सराव आहे, हे खरं. तुम्ही मागच्या मोसमात बोलावलंत, त्याच्या आदल्या मोसमात बोलावलंत, तेव्हापासून ती त्यातच बसली आहे. तिथे पंखा आमच्या घरचा, एवढंच.)

जावईबापूंचं मत अर्थातच त्यांच्या नव्या मोटारीचं. मोटार फार देखणी आहे. छताला काच आहे, त्यातून आकाश दिसतं. (आकाश बाहेर उभं राहूनही दिसतं असं मी एकदा म्हणालो. लेक दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.) आत एक बाई रस्ता सांगत असते. ती "उजवीकडे वळा" म्हणाली की जावईबापू तत्काळ वळतात. आमची लेक म्हणाली तर "तुला काय कळतं रस्त्यातलं?" म्हणतात. मोटारीत माणसं पाच बसतात, आम्ही सात. पण त्यांचं म्हणणं पडलं की आपण घरचेच, थोडं सरकून घेऊ. मग थोडं म्हणजे किती, हे बघण्यासाठी एका रविवारी रंगीत तालीम ठेवली. मोटार गल्लीत उभी केली आणि आम्ही सातही जण बसून पाहिलं. आधी दादा पुढे आणि सौ. मागे. मग सौ. पुढे आणि दादा मागे. मग दादाचं म्हणणं पडलं की गुडघे दुमडून बसायचं तर दार आधी लावायचं की गुडघे आधी दुमडायचे हे ठरायला हवं. पुतण्याला डिकीत बसून बघायला सांगितलं, तर तो म्हणाला तिथे नेटवर्क येत नाही. आई मागे मधोमध होती. सगळं स्थिरस्थावर झाल्यावर कुणीतरी काच वर केली, जावईबापूंनी छत उघडून दाखवलं, आणि बराच वेळ आमची चर्चा रंगली. एवढ्यात आईने विचारलं, "आलं का रे?" तिला वाटलं आपण निघालोय. आम्ही सगळे इतके हसलो की शेजारच्या दुकानातला चांभार बाहेर येऊन बघू लागला. मग सगळे उतरलो.

(मामा, आईने स्वेटर घातला होता. गल्लीत उकडत होतं. उतरताना तिने तो काढला, घडी केली आणि दाराशी पिशवीत परत ठेवला. मी हसत होतो.)

सौ.ला घाटातली वळणं लागतात, मळमळतं, हे तुम्हाला आमच्या लग्नापासून माहीत आहे. त्यामुळे तिचा कुठल्याच वाहनाला विरोध नाही. तिला फक्त पुढची सीट हवी. आगगाडीत पुढची सीट कोणती, यावर तिची आणि दादाची चांगलीच जुंपली. (इंजिनात बसव, असं मी सुचवणार होतो. पण मला रोज जेवायचं असतं.) बसचं नाव काढलं की ती तोंडाला पदर लावते. बस मुळातच चर्चेतून बाद झाली. "बसने जायची वेळ अजून आपल्यावर आलेली नाही," असं दादा म्हणाला, आणि बसने जाणाऱ्या माणसांवर कोणती वेळ आलेली असते हे कुणी विचारलं नाही.

पुतण्याचं मत अजून पक्कं झालेलं नाही, कारण तो लोकांची मतं वाचतो आहे. हल्ली कुठेही जायच्या आधी, जाऊन आलेल्या लोकांनी दिलेले तारे मोजतात. डोंगराच्या मधल्या टप्प्यावरून आता तारेवरचा पाळणा सुरू झाला आहे, त्यात बसलं की तरंगत वर जाता येतं. त्याला बऱ्यापैकी तारे आहेत. पण एका गृहस्थांनी एकच तारा दिला आणि खाली लिहिलं, "उंची फार." दुसऱ्या एका बाईंनी लिहिलं की सगळं उत्तम होतं, पण वर डोंगराशिवाय काही नव्हतं. पुतण्या हे वाचून गंभीर झाला. "काका, रिस्क आहे," म्हणाला. त्याने मग तुमच्या गावालाही तारे किती आहेत ते बघितलं. चिंतेचं कारण नाही, तुम्ही पावणेचारवर आहात.

शेवटी तज्ज्ञाला विचारावं म्हणून मी आणि जावईबापू चौकातल्या प्रवास कंपनीच्या कचेरीत गेलो. भिंतीवर सगळीकडे डोंगर, आणि टेबलामागे एक टाय घातलेला तरुण, ज्याने त्यातला एकही डोंगर चढलेला नव्हता. मी म्हटलं, आईला तिच्या भावाकडे न्यायचं आहे. तो म्हणाला, "सर, तुम्हाला प्रवास हवाय की अनुभव?" मी म्हटलं, प्रवासच द्या, अनुभव घरी आहे. त्याने एक योजना काढली. तीत सूर्योदय होता, दरी होती, शेकोटी होती. "सूर्योदयाला ढग आले तर?" जावईबापूंनी विचारलं. "ढगही समाविष्ट आहेत, सर." शांतताही होती, पण ती वरच्या दर्जाच्या योजनेत. मामांचं घर कुठेच नव्हतं. "आपण तिथे थांबत नाही, सर. तिथे बघण्यासारखं काही नाही."

मामा, माझं शिक्षण गावच्या शाळेत झालं, तेव्हा मोठ्या गोष्टी मला समजत नाहीत. पण दुकानात भिंग घासताना मनात एक विचार येतो. प्रत्येकाच्या डोळ्यांचा नंबर वेगळा. दादाच्या चष्म्यातून पुतण्याला दिसायचं नाही आणि सौ.च्या चष्म्यातून मला (मी एकदा चुकून लावला होता, मला माझ्यात फार दोष दिसले). त्यात कुणाचं चुकत नाही. देवाकडे जायलाही पुष्कळ वाटा आहेत म्हणतात. ज्याला जी जमेल त्याने ती धरावी. फक्त वाटांची तुलना करत घरी बसलेला कुणी पोचल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. (हे वाक्य वाचून दाखवताना खोकू की नको, हे अजून ठरलेलं नाही.)

असो. चर्चेचं गुऱ्हाळ फार दिवस चाललं, पण ते आईच्या काळजीपोटीच चाललं. आईला धक्के बसू नयेत म्हणून आगगाडी, आईला चालावं लागू नये म्हणून मोटार, आईला वळणं लागू नयेत म्हणून पुढची सीट, आईचा जीव घाबरू नये म्हणून पाळणा नको. इतकी काळजी घेणारी माणसं कुठल्या आईच्या वाट्याला येतात? आता तुमच्याकडचा रस्ता कधीही बंद होईल असं कळतं. अशा वेळी घाई करणं बरं नव्हे. तेव्हा काल झालेल्या बैठकीत असं ठरलं की या मोसमात येणं काही जमत नाही, पुढच्या मोसमात नक्की यावं, आणि तोपर्यंत वाहनाचा प्रश्न मार्गी लावावा. इतक्या बैठकांत एकमताने ठरलेली ही पहिलीच गोष्ट, त्यामुळे सगळ्यांना फार समाधान वाटलं. दादाने सगळ्यांसाठी चहा टाकायला सांगितलं.

(हात वर करून ठरवलं. आईचा हात वर नव्हता. तिच्या हातात मटार होते.)

प्रकृतीला जपा. औषधं वेळेवर घ्या. मामींना आणि दारातल्या मोत्याला आमची आठवण सांगा. सगळ्यांचा नमस्कार स्वीकारावा.

तुमचा आज्ञाधारक भाचा

ता. क. दादा लिहायला सांगतो की पायथ्याच्या प्रतीक्षालयात आता नवे पंखे बसवले आहेत.

ता. क. जावईबापू लिहायला सांगतात की तुमच्या दाराशी मोटार वळवायला जागा किती आहे ते पावलांनी मोजून कळवावं. डॉक्टरांची परवानगी असेल तरच.

ता. क. मामा, हे आता सकाळी बस थांब्याच्या बाकावर बसून, पिशवी मांडीवर घेऊन त्यावर कागद ठेवून लिहितो आहे. अक्षर हललेलं दिसेल. यापुढे कंसाची गरज नाही.

काल संध्याकाळी पत्र वाचलं. प्रत्येक कंसाला ठरल्याप्रमाणे खोकलो. पत्रात कंस इतके होते हे लिहिताना लक्षात आलं नव्हतं. निम्म्यावर सौ. पाणी घेऊन आली, शेवटाकडे कपाळाला हात लावून बघू लागली, आणि पत्र संपताच तिने जाहीर केलं की असला खोकला घेऊन हे डोंगरावर जाणार असतील तर तिला विचारून जावं. दादाने लगेच मान डोलावली. म्हणजे न जाण्याच्या कारणांत आता माझा खोकलाही जमा झाला. पत्र सगळ्यांना आवडलं. लेकीचे डोळे पाणावले. "मामांना किती बरं वाटेल," म्हणाली.

सगळे उठल्यावर आई मटाराची टरफलं गोळा करत म्हणाली, "हे पत्र त्याच्याकडे कशाने जाणार?"

मी म्हटलं, "टपालाने."

"ते कळलं. पण बसतं कशात?"

"सकाळच्या बसमध्ये. टपालाची पोती त्याच बसने वर जातात."

"त्याला वळणं लागत नाहीत?"

"कुणाला?"

"पत्राला."

मी पत्राची घडी घातली.

"सोबत कोण असतं त्याच्या?"

"कुणी नाही. एकटंच जातं."

"आणि पोचतं?"

"पोचतं की."

तिने टरफलांचं ताट खाली ठेवलं. "मग माझ्याच हाती दे. तेवढंच तुझं तिकीट वाचेल." जराशाने म्हणाली, "तुझा मामा पहिलीत असताना ओढ्याला पाणी आलं की मी त्याला पाठीवर घेऊन पलीकडच्या शाळेत सोडायची. एवढा जड होता मेला. तेव्हा कुणी बैठक घेतली होती रे, कशाने न्यायचं म्हणून?"

मामा, मी घरात कुणाशी खोटं बोललो नाही. रोज सकाळी मी आईला देवळात घेऊन जातो, तसाच आज निघालो. दादाने झोपेतच "या जाऊन" म्हटलं, म्हणजे त्याची संमतीही मिळाली. देवळासमोर आलो, दोघांनी बाहेरूनच हात जोडले, आणि पुढच्या वळणावर बस थांबा लागतो तिथे आलो. देवाने काही हरकत घेतली नाही. बस वेळेवर आली. ड्रायव्हर आणि कंडक्टर दोघेही तुमच्या गावचे निघाले. कंडक्टरने कुणाकडे जायचं विचारलं, मी तुमचं नाव सांगितलं, तर म्हणाला, "दुखणेकरी मास्तर ना? अहो, दाराशी सोडतो. कसली चिंता करता?" आणि टपालाच्या पोत्यांशेजारची जागा पुसून दिली. पुढची सीट आहे. सौ.ला हे कधीही कळू देऊ नका.

आई आत खिडकीशी बसली आहे. स्वेटर घातला आहे. मला म्हणाली, "आटप लवकर, गाडी सुटेल." ड्रायव्हर चहा घेतोय, तेवढ्यात हे पुरं करतो. तेव्हा मामा, हे पत्र घेऊन तुमच्या दारात जी बाई उभी आहे, ती तुमची आक्का. आधी तिला आत घ्या, पत्र नंतर वाचा. ते वाचून वाईट वाटून घेऊ नका, छातीला बरं नाही.

मी बरोबर का आलो नाही, असं तुम्हाला वाटेल. मी आलो तर लगेच मागोमाग सगळे येतील, आणि ते सगळे एकदम आले तर तुमच्या छातीला सोसणार नाही. शिवाय मला आता चार दिवस खरंच खोकावं लागणार आहे. घरी गेलो की आई कुठे ते सांगेनच. आज दारात सवयीने उचललेला पाय टाकायला पिशवी सापडणार नाही आणि कुणीतरी सपशेल तोंडावर आपटेल; तेव्हा तसंही कळेल.

ता. क. खरी विनंती राहिलीच. ड्रायव्हर आला, म्हणून थोडक्यात. आईचे फक्त दोनच गरम कपडे आहेत. मामींची एखादी जाड शाल तिला द्या, लवकर परत मागू नका. तिला एकटीने खाली पाठवू नका, घरची पद्धत आहे; आम्ही सगळे मिळून तिला घ्यायला येऊ. कशाने यायचं, ते ठरवायला रविवारी बैठक बोलावतो आहे. अध्यक्ष मीच आहे. तेव्हा तुम्ही दोघं बहीणभाऊ अगदी निवांत असा.